राखणीला कुणी शिकवलं

"मॅडम, तुमची राखण घाबरट आहे की नुसतीच बिनडोक?"

शाळेच्या सभागृहात मल्लिका कोरेच्या तोंडून प्रश्न सुटला. लगेच मागच्या रांगेतून एक जोरदार शिट्टी आली. शिट्टी कुणाची हे वळून बघायची गरजच नव्हती. पैज लावणारी तीच होती. झुंबर काळे, दहावी ब, खो-खोच्या संघाची कप्तान. "विचारलंस तर आईच्या हातच्या दोन शेंगापोळ्या तुझ्या. पण तू कसली विचारतेस बे!" असं ती कानाशी पुटपुटली होती. गेल्या वर्षीपर्यंत ते खरंही होतं. वर्गात उभं राहून कविता म्हणायची वेळ आली तरी मल्लिकाचे तळहात ओले व्हायचे. पण या जूनमध्ये ती विज्ञान मंडळाची प्रमुख झाली, आणि आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो हे एकदा कळल्यावर तो आवरणं तिला जमेनासं झालं होतं.

"आमच्या घरी दसऱ्यापासून आठ वेळा वाजलीय," तिने पुढे रेटलं. "चोर एकदाही आलेला नाही. म्हणून विचारलं."

व्यासपीठावरच्या निंबर्गी मॅडम हसल्या. 'राखण' बनवणाऱ्या कंपनीत त्या इंजिनियर होत्या. सोलापुरातल्या निम्म्या कॉलन्यांच्या छतांना आता त्यांची ती पांढरी, बशीएवढी चकती लागली होती.

"घाबरट म्हण हवं तर," त्या म्हणाल्या. "पण भीती तिची स्वतःची नसते. जुन्या अलार्मना फक्त हालचाल कळायची. पाल सरकली, वाजला. पडदा उडाला, वाजला. लोक वैतागून ते बंदच करून ठेवायचे. राखणीत एक बारीक रडार आहे. त्याच्या लहरी खोलीभर फिरतात आणि माणसावर आपटून परत येतात. तू श्वास घेतलास की छाती काही मिलिमीटर पुढे येते. काळजाचा ठोका पडला की त्याहून कितीतरी कमी हलते. पण हलते. परत आलेल्या लहरीत ते उमटतं. कॅमेरा नाही, चेहरा नाही. चालण्याची लकब, श्वास आणि ठोका, बस."

"मग चोर कोण हे कशावरून ठरवते?"

"ती नाही ठरवत. तुम्ही ठरवता." मॅडमनी हाताची घडी घातली. "पहिला आठवडा राखण फक्त शिकते. कुणी घरात आलं आणि घरच्यांचे श्वास संथ राहिले, तर ते माणूस आपलं. कुणी आलं आणि घरच्यांचा श्वास अडकला, ठोके वाढले, तर ती चाल धोक्याची. आईच्या कडेवरचं बाळ पाहुण्यांना कसं ओळखतं? आईच्या अंगावरूनच ना? अगदी तसंच. यामुळे खोटे अलार्म दहा पटींनी कमी झालेत."

शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकाच चालीवर तीनदा अलार्म वाजला, तर ती चाल 'सावध यादी'त जाते. ही यादी राज्यातल्या सगळ्या राखणींची मिळून एकच. मग ते माणूस कुठल्याही फाटकाशी गेलं, तरी फाटक उघडत नाही.

टाळ्या वाजल्या. झुंबरने वाजवल्या नाहीत.

"तुमच्याकडे माझ्यावर किती वेळा वाजलीय?" सभागृहातून बाहेर पडताना तिने विचारलं.

"दोनदा. पण तो योगायोग गं! हारामुळे चार वेळा, पालीमुळे दोनदा, आणि तुझ्या वेळी पण असंच काहीतरी..." मल्लिका चालता चालता थांबली. तिच्या डोक्यात दिवा पेटला होता, आणि पेटला की तिला दुसरं काही दिसायचं नाही. "ऐक ना! आज घरी चल. प्रयोग करू. पंखा बंद, खिडक्या बंद, फक्त तू आत चालत येशील. वाजली नाही तर सिद्धच झालं, की तुझा काही संबंध नाही!"

"आणि वाजली तर?"

"नाही वाजत."

"नको बे, मल्ले. सोमवारी मला पुण्याला जायचंय."

जायचं होतं ते क्रीडा वसतिगृहात. जिल्ह्यातून एकटी झुंबर निवडली गेली होती. पळत्या खेळाडूवर ती सूर मारायची तेव्हा पंचसुद्धा शिट्टी वाजवायची विसरायचे.

"घाबरलीस?" मल्लिका म्हणाली. "मला एवढ्या लोकांसमोर प्रश्न विचारायला लावलास, आणि तू?"

झुंबरने दप्तर खांद्यावर चढवलं.

---

कॉलनीतल्या सात नंबरच्या बंगल्यात तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि पप्पा नुकतेच कॉलेजातून आले होते. मल्लिकाने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. "पप्पा, हलू नका हं! विज्ञानाचं काम चाललंय."

"आज्ञा," पप्पा सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाले. "ये बेटा झुंबर. अभिनंदन! पुण्याचं कळलं."

झुंबरने चपला दाराबाहेर काढल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. चौथं पाऊल फरशीवर टेकलं आणि छतावरची चकती लाल झाली.

भोंगा असा कर्कश वाजला की समोरच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. पाठीमागे दाराचं कुलूप आपोआप खटकन बसलं. "धोक्याची चाल ओळखली आहे," बाईच्या गोड आवाजात राखण म्हणाली. "कृपया सुरक्षित खोलीत जा." खोलीच्या मधोमध झुंबर दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होती. असं उभं राहायला तिला कुणी शिकवलं असेल, हा विचार मल्लिकाला नंतर, बऱ्याच वेळानं आला.

फाटकावरचे काशीनाथमामा काठी घेऊन धावत आले. "काय झालं ओ सर?"

"काही नाही, काही नाही!" पप्पांनी हसत कुलूप उघडलं. "यंत्र बिघडलंय. बेटा, मनावर घेऊ नकोस हं."

मामांनी झुंबरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तिच्या दप्तराकडेही बघितलं, आणि गेले.

पप्पांचा फोन वाजला. मल्लिकाने तो हातात घेतला. राखणीचा संदेश होता. *एकाच चालीवर तिसरी नोंद. सदर चाल अठ्ठेचाळीस तासांनी सावध यादीत समाविष्ट होईल.*

"वाच ना मोठ्याने," झुंबर म्हणाली.

मल्लिकाने वाचलं. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत काय, समोरच्या सोफ्यापर्यंतही पोचला नाही.

"वसतिगृहाच्या फाटकावर पण राखणच आहे," झुंबर म्हणाली. "माहितीपत्रकात फोटो आहे." तिने चपला पायात सरकवल्या. "माझ्या पणजोबांचं गाव माहितीय का तुला? गाव नव्हतंच. इथंच, तारेच्या कुंपणाआड. पारधी म्हणून जन्मला म्हणजे चोर, असा इंग्रजांचा कायदा होता. रोज हजेरी द्यायची. बाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची. आजी सांगते तेव्हा आम्ही हसायचो. म्हणायचो, तेव्हा लोक येडे होते."

"झुंबर, मी शोधून काढते. शपथ! आज रात्रीच्या आत..."

"तू प्रयोग कर," ती म्हणाली. दार तिने आपटलं नाही. हळू लावून घेतलं. ते आपटण्याहून वाईट होतं.

---

मल्लिकाला राग आला की ती रडायची नाही, याद्या करायची. तिने वहीच्या मागच्या पानावर नऊच्या नऊ अलार्म लिहून काढले.

पहिले चार हाराचे. राखण दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवली होती आणि नव्या वस्तूची पूजा म्हणून मल्लिकानेच स्टुलावर चढून तिला झेंडूचा हार घातला होता. आठवड्याने हार वाळला, हलका झाला, पंख्याच्या वाऱ्यावर चकतीसमोर डोलायला लागला. हार काढला, अलार्म थांबले. नंतरचे दोन पालीचे. मल्लिकाने ती चकतीच्या कडेला चिकटलेली स्वतः बघितली होती. जाळी लावली, थांबले.

उरले तीन. तिन्ही वेळा पंखा वेगळा, खिडक्या वेगळ्या, वेळ वेगळी. एकच गोष्ट समान. यंत्र बिघडलेलं असतं तर ते कधी दूधवाल्यावर वाजलं असतं, कधी पोस्टमनवर. हे बिघडलेलं नव्हतं. हे नेमकं होतं.



निंबर्गी मॅडमनी भाषणानंतर स्वतःचा नंबर फळ्यावर लिहून ठेवला होता. मल्लिकाने सरळ फोन लावला.

"घाबरट की बिनडोक वाली का गं तू?" मॅडमनी लगेच ओळखलं. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "तुझं वय किती? सोळा पूर्ण? मग घराची नोंद बघायचा तुला हक्क आहे. अंगठा लाव. 'शिकलेले प्रसंग' असं सदर दिसेल, ते उघड. राखण जे काही शिकली, ते कधी आणि कुणाच्या छातीवरून शिकली, सगळं तिथे असतं."

मल्लिकाने उघडलं. पहिल्याच आठवड्यातला, पहिल्याच दिवसाचा प्रसंग होता. दसरा. संध्याकाळी सहा चाळीस. *नवी चाल. नोंद: धोका.* खाली तीन रेघा, घरातल्या तिघांच्या.

आईची रेघ पोळपाटासारखी सपाट. पप्पांची रेघ सरळ चालली होती आणि एका जागी कड्यासारखी उभी चढली होती. श्वास अडीच सेकंद पूर्ण थांबलेला. ठोके बहात्तरवरून एकशे चार.

तिला सगळं चित्र आठवलं. हॉलमध्ये चौरंग मांडलेला. त्यावर पुस्तकं, पप्पांचा लॅपटॉप, हत्यारांचा डबा, आणि कडेला पूजेसाठी ठेवलेल्या आईच्या पाटल्या आणि बोरमाळ. नवा फ्रॉक घातलेली झुंबर आपट्याची पानं घेऊन आली होती. "सोनं घ्या, काका," म्हणून तिने पप्पांच्या हातावर पान ठेवलं होतं आणि नमस्काराला वाकली होती. चौरंगाच्या अगदी जवळ. पप्पा म्हणाले होते, "सोन्यासारखी राहा बेटा." हसून म्हणाले होते!

विश्वनाथ कोरे. समाजशास्त्राचे प्राध्यापक. गेल्या वर्षी याच माणसाने कॉलेजात त्या तारेच्या कुंपणाबद्दल तासभर भाषण केलं होतं. मल्लिका पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवून तिचे हात दुखले होते.

"खोटारडे," ती मोठ्याने म्हणाली. टेबलावरची वही तिने भिंतीवर भिरकावली. "खोटारडे, खोटारडे!"

फोन अजून चालूच होता. "मल्लिका," मॅडम जपून म्हणाल्या, "तिसरी रेघ बघितलीस का?"

तिसरी रेघ तिची स्वतःची होती. तिने ती बघितलीच नव्हती. बघायची काय गरज?

ती रेघसुद्धा उभी चढली होती. पप्पांइतकी नाही. पण चढली होती. सहा चाळीसलाच.

नाही, असं ती म्हणणार होती, आणि तेवढ्यात तिला आठवलं. झुंबर वाकली तेव्हा आपली नजर पाटल्यांकडे गेली होती. एवढीशी. काही विचारही केला नव्हता. झुंबर उभी राहिल्यावर पाटल्या तिथेच होत्या आणि आपण कडाकण्या खायला पळालो होतो. विसरूनही गेलो होतो. राखण विसरली नव्हती.

"दोघांचा श्वास एकदम अडला, म्हणून तिने पक्कं शिकून घेतलं," मॅडम म्हणाल्या. "एकाचाच असता तर कदाचित सोडून दिलं असतं."

मल्लिका खाली फरशीवर बसली. राग गेला नव्हता. त्याला आता दोन तोंडं फुटली होती, आणि त्यातलं एक तिच्याकडेच बघत होतं.

"हे पुसता येतं?" तिने विचारलं.

"तक्रारीचे दोन प्रकार आहेत. पहिला, 'यंत्राची चूक'. यंत्र तपासणीला जातं, दीड महिना लागतो, तोवर यादीतली ती चाल तशीच राहते. दुसरा, 'घरची चूक'. त्यात घरातल्या सोळा वर्षांवरच्या कुणीही लिहून द्यायचं की धास्ती आमची होती, त्या माणसाचा दोष नाही. तिन्ही नोंदी त्याच मिनिटाला पुसल्या जातात. पण मग तुमचं घर महिनाभर कॉलनीच्या फलकावर लागतं. नाव आणि कारण, दोन्ही. राखणी एकमेकींकडून शिकतात ना. या घराची भीती शिकू नका, हे सगळ्यांना कळावं लागतं." मॅडम पुढे म्हणाल्या, "वर्षभरात दुसरा प्रकार किती जणांनी निवडला, विचार."

"किती?"

"कुणीच नाही."

---

मल्लिका हॉलमध्ये आली तेव्हा साडेसहा वाजले होते. पप्पा फोनवर तक्रार भरत होते, आई शेंगा सोलत होती.

"झालंच बघ," पप्पा म्हणाले. "यंत्राची चूक. कडक शब्दांत लिहिलंय. एवढ्या चांगल्या मुलीला त्रास म्हणजे काय!"

मल्लिकाने आपला फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "ही तुमची रेघ. दसऱ्याची. झुंबर तुमच्या पाया पडत होती तेव्हाची."

पप्पांनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"हे शरीराचं असतं, बेटा," ते म्हणाले. आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "प्रतिक्षिप्त क्रिया. मनात तसं काही नव्हतं."

"मनात नव्हतं तर छातीत कुठून आलं?"

"मल्लिका! पप्पांशी बोलतेयस," आई म्हणाली.

"मग कुणाशी बोलू? राखणीशी? ती तुमच्यापेक्षा खरं बोलते! भाषणात काय म्हणालात पप्पा? 'कुंपण तारेचं नव्हतं, नजरेचं होतं.' मी वहीत लिहून घेतलं होतं ते! आणि घरी यायचं, 'बेटा बेटा' करायचं, आणि तिने वाकून नमस्कार केला की श्वास रोखून धरायचा!"

"अगं, मी जाणूनबुजून..." पप्पांनी वाक्य अर्धवटच सोडलं. असं त्यांचं कधी होत नसे. "मला आत्ता कळतंय हे. तुझ्याबरोबरच."

"बरं झालं कळलं. आता 'घरची चूक' म्हणून लिहून द्या."

आईने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे फलकावर नाव? पप्पांची प्राचार्यपदाची मुलाखत पंधरा दिवसांवर आहे, मल्ले. निवड समितीतले हिरेमठ सर याच कॉलनीत राहतात. लोक काय वाचतील? 'कोरे सर पोरीला चोर समजले'?"

"खरंय तेच वाचतील."

"तुझ्या मैत्रिणीचं होईल गं नीट. दीड महिनाच तर आहे."

"सोमवारी तिला वसतिगृहाच्या फाटकातून आत जायचंय, आई! दीड महिन्यानंतर तिची जागा दुसऱ्या कुणालातरी दिलेली असेल. तुझी रेघ सपाट आहे माहितीय? एकट्या तुझी. तू तिच्यासाठी कडाकण्या डब्यात भरत होतीस. तू तरी असं बोलू नकोस."

आईने ती रेघ बघितली आणि मग नवऱ्याकडे, जरा जास्तच वेळ.

"मुलाखत होऊ दे," पप्पा हळू आवाजात म्हणाले. "मग मी स्वतः झुंबरच्या घरी जाईन. वडिलांना भेटेन. माफी मागेन. शब्द देतो."

"चारचौघांत भाषण आणि माफी मात्र गुपचूप?"

पप्पांचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. मल्लिकाला वाटलं होतं, तो बघून आपल्याला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. कारण टेबलावरचा पडदा अजून उजळलेला होता आणि त्यावर तिसरी रेघ होती, आणि ती या दोघांनी अजून बघितलेली नव्हती.

तिने बोट खाली सरकवलं.

"ही माझी," ती म्हणाली.

दोघांनीही मान वर केली.

"माझी नजर पाटल्यांकडे गेली होती. संशय, आणि तोही माझ्या बहिणीसारख्या मैत्रिणीवर. आणि आज तिला मीच ओढून आणलं, 'घाबरलीस का' म्हणून हिणवून. तिसरा अलार्म माझ्यामुळे वाजला." तिचा आवाज आता चिरकत होता, पण पोचत होता. "तेव्हा मी काही न्यायाधीश म्हणून इथे उभी नाही. चूक घरची आहे आणि मी घरचीच आहे."

आईच्या मुठीत शेंगेचं टरफल कडकन मोडलं.

"मी सोळा पूर्ण आहे, माझा अंगठा चालतो," मल्लिका म्हणाली. "आता सात वाजायच्या आत मी 'घरची चूक' हा अर्ज पाठवणार आहे. फलकावर नाव लागू दे, हिरेमठ सरांना वाचू दे, मला चालेल. पाठवून झाला की मी तडक झुंबरच्या घरी जाणार आहे आणि माझी रेघ तिला दाखवणार आहे. ती दार लावून घेईल, तरी दाखवणार आहे. अर्जात 'धास्ती कुणाची' असा रकाना आहे. पहिलं नाव मी माझं लिहिलंय. दुसरं तुमचं आहे, पप्पा. तुम्ही लिहिलंत तर तुमच्या हाताने, नाहीतर माझ्या. पण ती जागा मी रिकामी सोडणार नाही."